न्यूट्रल तुटला, वीज कडाडली: घरातली उपकरणं वाचवायची कशी

घरात स्पाइक गार्ड आहे, फ्रिजला स्टॅबिलायझर आहे, तरी वळवाच्या पहिल्या पावसात टीव्ही, सेट टॉप बॉक्स, राउटर आणि तीन-चार एलईडी बल्ब एका फटक्यात जातात. ‘हाय व्होल्टेज आलं’ एवढं म्हणून विषय तिथंच संपतो. पण कोणतं हाय व्होल्टेज? एक असतो सेकंदाच्या लाखाव्या भागात येऊन जाणारा हजारो व्होल्टचा झटका, म्हणजे सर्ज. दुसरं, न्यूट्रल तुटल्यावर मिनिटंच्या मिनिटं टिकणारे ३५०-४०० व्होल्ट. तिसरा, व्होल्टेजचा रोजचा चढउतार. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. यातल्या दुसऱ्याकडे सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं, म्हणून त्यापासूनच सुरुवात करू.

न्यूट्रल गेला की काय होतं

डीपीवरून (आपल्या भागातल्या ट्रान्सफॉर्मरवरून) खांबांवर तीन फेज आणि एक न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची तार, येते. सिंगल फेज घराला त्यातला एक फेज आणि न्यूट्रल मिळतो, त्यांच्यात २३० व्होल्ट. दोन फेजमध्ये मात्र सुमारे ४०० व्होल्ट असतात. फांदी पडून, जंप (दोन तारा जोडणारा तुकडा) गंजून किंवा डीपीवरचा लग (तारेच्या टोकाचा धातूचा जोड) जळून न्यूट्रल सुटला, की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांशी सिरीजमध्ये येतात आणि ते ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. वाटणी उलटी होते: ज्याचा लोड कमी, त्याच्याकडे व्होल्टेज जास्त. समजा एका घरात २००० वॉटचा गिझर चालू आहे आणि दुसऱ्या फेजवरच्या घरात टीव्ही-दिवे मिळून १०० वॉट. गिझरचा रोध साधारण २६ ओहम, दुसऱ्या घराचा ५३०. टीव्हीच्या घराला जवळपास ३८० व्होल्ट मिळतात आणि गिझरवाल्याचे दिवे मिणमिणतात.

टीव्ही, चार्जर, एलईडी बल्ब यांत आत येणाऱ्या एसी करंटचा आधी डीसी होतो. २३० व्होल्टचे तिथं ३२५ होतात, म्हणून कंपन्या बहुधा ४००-४५० व्होल्टचा कपॅसिटर टाकतात. बाहेरून ३८० व्होल्ट आले की आत ५३७ होतात. कपॅसिटर फुगतो, फुटतो, सोबत शेजारचे पार्टही नेतो. स्पाइक गार्ड इथं काहीच करू शकत नाही. त्यातला एमओव्ही नावाचा चकतीसारखा पार्ट क्षणभराचा झटका गिळण्यासाठी असतो. सतत ४०० व्होल्ट मिळाले की तो तापत जातो आणि स्वतःच जळतो. स्वस्त गार्डचं प्लास्टिक वितळलेलं दिसतं ते यामुळे.

ओळखायची खूण सोपी आहे. आपले दिवे एकदम लख्ख, पंखा वेगात, आणि त्याच वेळी शेजारी अंधुक. असं दिसलं की एकेक प्लग काढत बसू नका, थेट मेन स्विच पाडा. मग १९१२ वर महावितरणला कळवा आणि आळीतल्या लोकांना फोन करा. लाइनमन येऊन न्यूट्रल जोडेपर्यंत मेन वर करायचा नाही, मधे ‘आता बरोबर वाटतंय’ असं झालं तरी. कोणाचा तरी गिझर बंद झाला की वाटणी पुन्हा बदलते.

आधी आपल्याच बोर्डात डोकवा

खांबावरचा न्यूट्रल आपल्या हातात नाही, पण घरातला आहे. थ्री फेज कनेक्शन असेल तर मीटरपासून बोर्डापर्यंत कुठेही न्यूट्रलवर वेगळा फ्यूज असता कामा नये. जुन्या वाड्यांत आणि गावाकडच्या घरांत न्यूट्रललाही किटकॅट (चिनी मातीचा फ्यूज) बसवलेला सर्रास सापडतो. तो वितळला की घरातल्या घरात वरचंच सगळं नाटक घडतं. तो काढून तिथं पितळी लिंक टाकून घ्या, किंवा चारही तारा एकदम तोडणारा फोर पोल एमसीबी. सिंगल फेजला डबल पोल एमसीबी.

दुसरी जागा म्हणजे सर्व्हिस वायरचा जोड. खांबावरून ॲल्युमिनियम येतं, बोर्डात तांबं असतं. दोन्ही नुसती पिळून टेप मारली की काही पावसाळ्यांत जोड काळा पडतो. त्यासाठी दोन्ही धातूंना चालणारा बायमेटल लग किंवा कनेक्टर लागतो. मेन बंद करून वायरमनकडून वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात, सगळे टर्मिनल आवळून घ्या. मीटरच्या अलीकडे, म्हणजे सील लावलेल्या भागात, आपल्या वायरमननं हात घालायचा नाही.

हाय-लो कट-ऑफ

न्यूट्रल फॉल्टवरचा खरा उपाय हा. दुकानात ‘ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर’ म्हणून मागा. मेन एमसीबीनंतर, सगळ्या घराच्या आधी, तो बोर्डाच्या पट्टीवर बसतो. व्होल्टेज ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेलं की पूर्ण घर तोडतो आणि पुरवठा सुधारला की थोडं थांबून जोडतो.

घेताना तीन गोष्टी बघा. अँपिअर: मंजूर लोड ५ किलोवॉट असेल तर साधारण २२ अँपिअर होतात, ४० चा चालतो, दोन एसी आणि गिझर असेल तर ६३ चा घ्या. दुसरं, तो स्वतः ४४० व्होल्ट सहन करतो असं त्याच्या कागदावर लिहिलेलं हवं, नाहीतर सगळ्यांत आधी तोच जायचा. तिसरं, मर्यादा आणि वेळ बदलता येणारा घ्या. सेटिंग असं ठेवा: वरची मर्यादा २६५ ते २७०, खालची १७० ते १८०, परत जोडायला १८० सेकंद. हे १८० सेकंद फ्रिज आणि एसीच्या कॉम्प्रेसरसाठी आहेत. बंद पडल्याबरोबर पुन्हा चालू झाला तर आत अडकलेल्या प्रेशरविरुद्ध त्याला सुरू होता येत नाही, वाइंडिंग तापतं.

गावात रात्री उशिरा लोड उतरल्यावर व्होल्टेज रोजच २७० च्या घरात जात असेल, तर हा सारखा तुटत राहील. तेव्हा मर्यादा वाढवून वाढवून २९० वर नेऊ नका. आठवडाभर वेगवेगळ्या वेळी मल्टिमीटरनं रीडिंग लिहा आणि त्यावरून महावितरणकडे अर्ज करा. डीपीवरचा टॅप, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायची जोडणी, बदलायचं काम त्यांचं आहे. थ्री फेज घराला तीन वेगळे किंवा एक थ्री फेज प्रोटेक्टर लागतो.

पण हा प्रोटेक्टर म्हणजे रिले, आपोआप उघडणारा स्विच आहे. तुटायला त्याला सेकंदाचा काही हिस्सा तरी लागतो. वीज पडून आलेला झटका तोवर घरभर फिरून गेलेला असतो.

विजेच्या झटक्यासाठी एसपीडी, आणि त्याआधी अर्थिंग

वीज आपल्या घरावर पडावी लागत नाही. जवळच्या लाइनवर किंवा झाडावर पडली तरी तारांमध्ये हजारो व्होल्ट उठतात. एसपीडी, म्हणजे बोर्डात बसणारं सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, हा झटका जमिनीकडे वळवतो, म्हणून जमीनच नीट जोडलेली नसेल तर एसपीडी ही नुसती शोभेची वस्तू.

अर्थिंग तपासायची पहिली पायरी: मल्टिमीटर ७५० व्होल्ट एसीवर ठेवा, घरातला लोड चालू असताना १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजा. पहिली दोन जवळजवळ सारखी आणि तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. तिसरं ५ च्या वर गेलं, किंवा फेज-अर्थ शंभर-सव्वाशे दाखवत असेल, तर अर्थ तुटलेला किंवा न्यूट्रल ढिला. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघायची जुनी पद्धत टाळा. अर्थ खराब असेल तर घरातल्या सगळ्या धातूच्या बॉडीत करंट येतो. नेमका आकडा हवा असेल तर अर्थ टेस्टरवाल्याकडून मोजून घ्या, ५ ओहमच्या आत यायला हवा.

नेहमीचं पाइप अर्थिंग म्हणजे ४० मिलिमीटरचा, अडीच मीटर लांब जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. कोकणात जांभ्यात पाणी टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा पडतो, आणि वळवाच्या विजाही तेव्हाच सुरू होतात. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडून पाइपाभोवतीची पकड सुटते. दोन्हीकडे उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत राहणं हा फुकटचा उपाय आहे. मिठानं पाइप गंजतो, म्हणून वरचा नट-बोल्ट दरवर्षी उघडून घासा.

आता एसपीडी. साध्या घराला टाइप २ पुरतो. गच्चीवर लाइटनिंग अरेस्टर असेल तर टाइप १ आणि २ एकत्र असलेला घ्या. डबीवर हे शोधा: कायम सहन होणारं व्होल्टेज २७५, आपल्याकडे ३२० असेल तर अधिक बरं, नॉमिनल डिस्चार्ज २० आणि कमाल ४० किलोअँपिअर, प्रोटेक्शन लेव्हल दीड किलोव्होल्ट किंवा कमी. ज्या घराचा अर्थ स्वतःच्या खड्ड्यातून येतो, तिथं ‘१+१’ जोडणीचा मागा. त्यात फेज-न्यूट्रलमध्ये एमओव्ही आणि न्यूट्रल-अर्थमध्ये गॅस ट्यूब असते. तो आरसीसीबीच्या (करंट गळताच वीज तोडणाऱ्या स्विचच्या) आधी बसवायचा, नाहीतर प्रत्येक गडगडाटाला आरसीसीबी उडेल. मागे कंपनीनं सांगितलेल्या क्षमतेचा वेगळा एमसीबी द्या.

इथंच वायरमनची सगळ्यांत मोठी चूक होते. बोर्ड छान दिसावा म्हणून तो एसपीडीच्या तारा कडेकडेनं वळवून मीटरभर लांब नेतो. विजेच्या झटक्याचा करंट इतक्या वेगानं वाढतो, की तारेच्या प्रत्येक मीटरवर साधारण हजार व्होल्ट उभे राहतात. दीड किलोव्होल्टचा एसपीडी मग अडीचचा होतो आणि टीव्हीला तेच मिळतात. फेजपासून एसपीडी आणि एसपीडीपासून अर्थ बार, दोन्ही मिळून तार अर्ध्या मीटरच्या आत, सरळ, किमान ६ स्क्वेअर मिलिमीटर तांब्याची. बोर्ड कुरूप दिसला तरी चालेल.

एसपीडीवर छोटी खिडकी असते. हिरवी म्हणजे ठीक, लाल झाली की कार्ट्रिज बदला. लाल असतानाही घरात लाइट सुरूच असते, म्हणून मोठ्या पावसानंतर मुद्दाम बघावं लागतं.

स्पाइक गार्डचं काम याच्या पुढचं आहे. बोर्डापासून टीव्ही किंवा कॉम्प्युटर १० मीटरपेक्षा लांब असेल तर तिथं चांगला गार्ड लावा. ज्यावर जूल (किती झटका गिळतो) किंवा क्लॅम्पिंग व्होल्टेज (किती व्होल्टवर अडवतो) लिहिलेलंच नाही, तो बहुतेक वेळा लाल दिवा लावलेला एक्स्टेन्शन बोर्ड असतो. आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या ॲडॉप्टरमध्ये घालून वापरलात तर अर्थ गेला.

मागच्या दारानं येणारा झटका

टीव्हीचा फक्त एचडीएमआय पोर्ट जळला, बाकी टीव्ही ठीक, अशी तक्रार असते तेव्हा झटका विजेच्या तारेतून नव्हे तर गच्चीवरच्या डिशच्या केबलमधून आलेला असतो. डिशची फ्रेम ६ स्क्वेअर मिलिमीटर तांब्यानं घराच्याच अर्थला जोडा. डिशसाठी वेगळा खड्डा करून तो मोकळा ठेवला तर वीज पडल्यावर दोन अर्थमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो, आणि तो सेट टॉप बॉक्समधून वाट काढतो. खड्डे कितीही असोत, सगळे एकमेकांना जोडलेले हवेत. इंटरनेटच्या फायबरच्या काचेतून करंट येत नाही, पण खांबावरून घरात येणाऱ्या काही ड्रॉप केबलांना स्टीलची तार असते, आणि घरातली लॅन केबल तांब्याचीच असते. सोलर असेल तर पॅनलच्या बाजूला डीसीसाठी बनवलेला वेगळा एसपीडी लागतो. एसीचा तिथं चालत नाही.

स्टॅबिलायझर आणि इन्व्हर्टर

स्टॅबिलायझर फक्त चढउतारासाठी. घेताना हाय कट-ऑफ आणि टाइम डिले आहे का बघा. ‘स्टॅबिलायझर लागत नाही’ असं सांगून विकलेला इन्व्हर्टर एसी कमी व्होल्टेजला चालतो, ३८० ला नाही. घरच्या इन्व्हर्टरमधून लाइट असताना बाहेरचीच वीज सरळ पुढे जाते. त्यावर यूपीएस आणि नॉर्मल किंवा इको असा स्विच असेल तर तो यूपीएसवर ठेवा. त्या मोडमध्ये तो साधारण १८० ते २६० च्या बाहेरची वीज घेत नाही. दुसऱ्या मोडमध्ये २९० च्या आसपासही आत सोडतो.

पाऊस येण्याआधी आणि नंतर

थेट जवळ पडलेल्या विजेपुढे प्लग काढण्याइतका खात्रीचा उपाय नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं. ढग दाटताच टीव्ही, डिशची केबल, राउटर, कॉम्प्युटर यांचे प्लग काढा. नुसतं स्विच बंद करून भागत नाही. त्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीतून हजारो व्होल्ट सहज उडी मारतात. कडकडाट डोक्यावर आल्यावर मात्र तारांना हात लावू नका, राहिलं ते राहू द्या.

लाइट गेली की फ्रिज, एसी, पंपाचे स्विच बंद करून एक दिवा चालू ठेवा. लाइट आल्यावर पाच मिनिटं त्या दिव्याकडे बघा. उजेड स्थिर असेल तर एकेक करून जोडा, सगळं एकदम नाही.

न्यूट्रल फॉल्ट होऊन गेला असेल तर मेन वर करण्याआधी सगळे प्लग काढा, एसपीडीची खिडकी बघा, मेन टाकून मल्टिमीटरनं २३० ची खात्री करा आणि मग आधी दिवे, पंखे, शेवटी टीव्ही-फ्रिज अशा क्रमानं जोडा. ज्याला जळका वास येतोय किंवा ज्याचा फ्यूज उडालाय, ते ‘लागतंय का बघू’ म्हणून पुन्हा लावू नका. बऱ्याच वेळा फक्त एमओव्ही आणि फ्यूज गेलेले असतात, ते स्वस्तात बदलून मिळतात. फ्यूजच्या जागी तार घालून चालू केलं की उपकरणाच्या आतला बोर्डच जातो.