नावापुरते डायरेक्टर आहात? मग मिनिट्स बुक वाचा

कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या काजू कारखान्यांचं कंपनी सेक्रेटरीचं काम मी करते. इथली प्रायव्हेट लिमिटेड म्हणजे बहुतेक वेळा दोन भाऊ, एक वहिनी आणि कर्जाच्या वेळी नाव लागलं म्हणून घेतलेला मेहुणा. सह्या सगळ्यांच्या, हिशेब एकालाच ठाऊक. नोटीस आली की मेहुणे म्हणतात, “माका कायच म्हाईत नाय.” हे उत्तर चालत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १६६ नुसार प्रत्येक संचालकाने वाजवी काळजी घ्यायची आणि स्वतःच्या बुद्धीने निर्णय करायचा. कसूर झाली तर दंड १ ते ५ लाख रुपये.

तुमचा बचाव मिनिट्स बुकात, म्हणजे संचालक मंडळाच्या बैठकांच्या नोंदवहीत असतो. ठराव पटला नाही तर बैठकीतच बोला आणि विरोध करणाऱ्यांत तुमचं नाव घालायला लावा. कलम ११८ प्रमाणे ते घालावंच लागतं. घरी जेवताना केलेली कुरकुर कुणी धरत नाही. मिनिट्स ३० दिवसांत लिहून व्हायला हवीत, तेव्हा ती मागून घेऊन वाचा. वर्षभराच्या बैठका मार्चअखेर एकाच पेनाने, एका दमात लिहिलेल्या मी बघितल्यात. त्या ओळखायला फार हुशारी लागत नाही.

बैठका किती? कायद्याने ‘छोटी’ ठरलेल्या (भांडवल आणि उलाढाल मर्यादेत असलेल्या) कंपनीला प्रत्येक सहामाहीत एक, मध्ये किमान ९० दिवस. बाकीच्यांना वर्षाला चार, खंड १२० दिवसांच्या आत. म्हणजे ३१ जानेवारीला घेतलीत तर काजूचा हंगाम कितीही जोरात असो, मे संपायच्या आत पुढची हवी. फक्त गणपतीला येणाऱ्या मुंबईकर संचालकांनी व्हिडिओवरून हजर राहावं. बारा महिन्यांतल्या सगळ्याच बैठका चुकवल्या तर पद जातं, रजा घेतली असली तरी.

कारखान्यासाठी काजूची बी सख्ख्या भावाकडून घेताय? खुशाल घ्या, पण तो व्यवहार कलम १८८ खाली, म्हणजे नातेवाईक वगैरे संबंधितांशी केलेल्या व्यवहारांत येतो. नेहमीचाच व्यवहार बाजारभावाने झाला तर मंडळाच्या ठरावाची सक्ती नाही. तरी त्या आठवड्यातले दुसऱ्या व्यापाऱ्यांचे दर फाइलला लावाच. बाजारभाव होता हे पुढे तोंडी सांगून भागत नाही. तुमची स्वतःची दुसरी फर्म असेल तर आर्थिक वर्षाच्या पहिल्या बैठकीत एमबीपी-१, म्हणजे आपले हितसंबंध जाहीर करणारा फॉर्म द्या.

सलग तीन वर्षं ताळेबंद किंवा वार्षिक विवरणपत्र भरलं नाही तर संचालकांवर पाच वर्षांची अपात्रता येते.

सोडायचंच असेल तर राजीनामा लेखी द्या, पोच घ्या. व्हॉट्सअॅपवरच्या ‘मी आता नाही’वर विसंबू नका. राजीनामा कंपनी रजिस्ट्रारला कळवणारा डीआयआर-१२ फॉर्म कंपनीने भरायचा; ती टाळत असेल तर त्याच कामाचा डीआयआर-११ तुम्ही भरा. पदावर असतानाच्या गोष्टींची जबाबदारी मात्र राजीनाम्याने सुटत नाही, म्हणून निघण्याआधी तेवढ्या काळातल्या मिनिट्सच्या प्रती घेऊन ठेवा.