झूमवरचं लेक्चर रेकॉर्ड आणि यूट्यूबवर लाइव्ह कसं करायचं

चित्र थोडं अंधुक असलं तर विद्यार्थी चालवून घेतात. आवाज नीट येत नसेल तर व्हिडिओ बंद करतात. म्हणून पैसे घालायचेच तर आधी माइकवर घाला. लॅपटॉपचा माइक लांबून बोलणाऱ्या सरांपेक्षा पंख्याची घरघर जास्त पकडतो. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा आणि ओढणी किंवा आयकार्डची दोरी त्यावर घासत नाही ना, ते पाहा. मागच्या बाकावरचा प्रश्न या माइकपर्यंत पोचत नाही, तेव्हा उत्तराआधी प्रश्न स्वतः मोठ्याने म्हणायचा.

यूट्यूब चॅनेलला पहिल्यांदा लाइव्हची परवानगी मिळायला 24 तास लागू शकतात. ते काम दोन दिवस आधीच उरका. झूमचं खातं सशुल्क हवं: फुकट खात्यात मीटिंग 40 मिनिटांत संपते आणि यूट्यूबवर लाइव्हही जाता येत नाही. झूमच्या वेबसाइटवरील सेटिंग्जमध्ये लाइव्हस्ट्रीमिंग चालू करून यूट्यूबवर टिक करा.

लेक्चरच्या वेळी:

1. लॅपटॉपला लॅन केबल जोडा. राउटर यूपीएसवर ठेवा. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर बंद पडला की लाइव्ह तुटतं.
2. स्लाइड्स शेअर करा. त्यांत व्हिडिओ असेल तर 'शेअर साउंड'वर टिक हवीच, नाहीतर बाहेरच्यांना नुसतं मुकं चित्र दिसतं.
3. 'रेकॉर्ड ऑन धिस कॉम्प्युटर' दाबा. नेट गेलं तरी तोवरचं रेकॉर्डिंग हाताशी राहतं.
4. 'मोअर'मधून 'लाइव्ह ऑन यूट्यूब' निवडा. लेक्चर फक्त आपल्याच मुलांसाठी असेल तर 'अनलिस्टेड' (म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल असं) ठेवा. मीटिंगमध्ये कुणी बोललं तर त्याचा आवाज आणि कॅमेरा चालू असल्यास चेहराही लाइव्ह जाऊ शकतो, हे आधीच सांगा.
5. दुसऱ्या फोनवर हेडफोन लावून लाइव्ह तपासा. ते साधारण 20 सेकंद मागे असतं. स्पीकरवर लावलंत तर तोच आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो. यूट्यूब चॅटवरचे प्रश्नही उशिरा येतात, म्हणून "काही शंका?" विचारून लगेच पुढे जाऊ नका.

मीटिंग संपवल्यावर झूम फाइल एमपी4मध्ये बदलू लागतं. इथेच घाई नडते. तास संपला म्हणून लॅपटॉप मिटला तर रूपांतर अर्धवट राहतं. तसं झालंच तर डॉक्युमेंट्समधल्या झूम फोल्डरमध्ये 'डबल क्लिक टू कन्व्हर्ट' नावाची फाइल शोधा, तिच्यावर डबल क्लिक करा आणि पूर्ण होईपर्यंत चार्जर काढू नका.