सोबर होम निवडताना होणाऱ्या या चुका टाळा

व्यसनमुक्ती केंद्रातून उद्या सुटी मिळणार असताना आज निवासाची चौकशी करणाऱ्यांचे फोन मला अनेक वर्षे येत आहेत आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न स्वतंत्र खोली मिळेल का, हाच असतो. खोलीबद्दल सर्वांत शेवटी विचारावे. सोबर होम म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेल्यांनी नशेपासून दूर, एकत्र राहण्याचे घर; तिथे उपचार होत नाहीत. तिथे नशेवाचून रोजचे जगणे अंगवळणी पाडायचे असते आणि ते घडते की नाही, हे घराचे नियम आणि सोबत राहणारी माणसे यांवर ठरते.

उशीर ही पहिली चूक आहे. सुटीच्या तीन आठवडे आधी किमान दोन घरे पाहावीत, असा माझा आग्रह असतो. मी स्वतः संध्याकाळी जातो, कारण दुपारी फक्त व्यवस्थापक भेटतो, तर संध्याकाळी कामावरून परतलेले रहिवासी भेटतात. त्यांच्यापैकी एकाशी व्यवस्थापकाच्या गैरहजेरीत बोलता आले नाही, तर मी ते घर यादीतून काढून टाकतो. छायाचित्रे पाहून आगाऊ पैसे भरणाऱ्यांना काय सांगावे, हे मला अजून उमगलेले नाही.

मात्र सर्वांत महाग पडणारी चूक वेगळीच आहे: कोणी पुन्हा नशा केली, तर त्या रात्री काय होते, हे न विचारणे. हेरॉइनच्या व्यसनातून बाहेर पडत असलेल्या एका तरुणाला मी स्वतः एका घरात सोडून आलो होतो. घर स्वच्छ होते, नियम भिंतीवर लावलेले होते आणि मी घाईत होतो. सहाव्या आठवड्यात त्याच्या लघवीच्या तपासणीत नशा आढळली आणि रात्री अकरा वाजता बॅगेसह त्याला दाराबाहेर काढण्यात आले. घरच्यांना तोंड दाखवायची लाज वाटल्यामुळे तो थेट जुन्या मित्राकडे गेला आणि पूर्वीच्याच मात्रेने नशा करून बसला. काही आठवडे अफूवर्गीय नशा बंद असली की शरीराची सहनशक्ती उतरते आणि एरवी पचणारी मात्रा श्वास थांबवू शकते. मित्राने वेळीच रुग्णवाहिका बोलावली, म्हणून तो वाचला.

बाहेर काढण्याचा नियम मुळात चुकीचा आहे, असे मी म्हणत नाही. अमेरिकेत १९७५ मध्ये सुरू झालेल्या ऑक्सफर्ड हाउसच्या घरांचा कारभार रहिवासीच मतदानाने चालवतात, खर्च वाटून घेतात आणि नशा करणाऱ्याला घर सोडावेच लागते. बाकीच्यांचे सावरणे त्यावरच टिकून असते. चूक आमची होती, कारण बाहेर पडल्यावर त्याने कुठे जायचे, हे आम्ही आधी ठरवलेच नव्हते. तेव्हापासून प्रवेशाच्याच दिवशी मी एका कागदावर तीन गोष्टी लिहून घेतो: अशा रात्री कोणाला फोन जाईल, झोपायची सोय कुठे असेल आणि सकाळी कोणत्या डॉक्टरांकडे जायचे. शिवाय नॅलोक्सोन, म्हणजे अफूवर्गीय नशेची मात्रा जास्त झाल्यावर तिचा परिणाम उतरवणारे औषध, घरात कुठे ठेवले आहे आणि ते कोणाला वापरता येते, हेही विचारतो.

जागा मिळावी म्हणून ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही अफूवर्गीय व्यसनावरची औषधे बंद करणे हा तर शुद्ध अविचार आहे. औषध घेणारा खरा सोबर नव्हे, असे मानणारी घरे आहेत आणि त्यांच्याशी वाद घालण्यात मी वेळ दवडत नाही. दुसरे घर शोधतो. औषधात बदल करायचा की नाही, हे डॉक्टर ठरवतील, व्यवस्थापक नव्हे. औषध चालत असेल, तर ते कुलपात कोण ठेवते, एवढे विचारून घ्यावे.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. घर सुचवणाऱ्याला त्याबद्दल दलाली मिळते का, हे संकोच न करता विचारावे. अनामत रकमेची पावती आणि ती परत मिळण्याच्या अटी लेखी घ्याव्यात. ज्या गल्लीत माल मिळायचा, तिच्या जवळचे घर फुकट मिळाले तरी घेऊ नये. तपासण्या नाहीत, वेळेचे बंधन नाही, अशी जाहिरात करणारे घर नवख्यांना फार आवडते, आणि नेमके म्हणूनच ते त्यांच्यासाठी नसते.

महिनाभरात ‘आता मी ठीक आहे’ म्हणून सामान बांधणाऱ्यांशी मी हुज्जत घालत नाही. नोकरी, व्यसनमुक्ती गटाच्या मीटिंग आणि झोप सलग तीन महिने सुरळीत चालू द्या, मग तारीख ठरवू, एवढेच सांगतो. तो तरुण दुसऱ्या घरात चौदा महिने राहिला, आणि तिथे पाऊल टाकल्यावर त्या रात्रीचा प्रश्न त्यानेच सर्वांत आधी विचारला होता.