ऑनलाइन प्रशिक्षण तयार करताना आणि प्रकाशित करताना : या चुका टाळा

ऑनलाइन प्रशिक्षणाच्या कामात बहुतेक संस्थांचा क्रम ठरलेला असतो. आधी स्लाइड तयार होतात, मग त्यांवर आवाज चढतो, मग व्हिडिओंचे संकलन होते आणि अगदी शेवटी, उद्घाटन दोन दिवसांवर आलेले असताना, सगळे साहित्य मूडल किंवा तत्सम एलएमएसवर (अभ्यासक्रम चालवणाऱ्या आणि शिकणाऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीवर) चढवायला घेतले जाते. फाइल चढत नाही, मोबाइलवर अक्षरे वाचता येत नाहीत, अभ्यासक्रम पुरा करूनही नोंद ‘अपूर्ण’च राहते, अशा ज्या अडचणी त्या दोन दिवसांत उघड होतात, त्या पहिल्या दिवसापासून तिथेच असतात, त्यांच्याकडे लक्ष मात्र शेवटी जाते. म्हणून या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना आधीच सांगून टाकतो. चार-पाच मिनिटांचा एकच पाठ व्हिडिओ, प्रश्न आणि प्रमाणपत्र यांसह पूर्ण तयार करावा, तो प्रत्यक्ष वापरायच्या सर्व्हरवर टाकावा, शिकणाऱ्याच्या हातातल्या मोबाइलवर उघडून पाहावा आणि मगच उरलेल्या पाठांना हात घालावा. खाली दिलेल्या बहुतेक चुका या एका चाचणीत सापडतात.

विवेचनाच्या सोयीसाठी, कारखान्यातील कंत्राटी कामगारांना विद्युत सुरक्षेचे प्रशिक्षण मराठीतून द्यायचे आहे, असे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू.

आराखड्यातील आणि प्रश्नांतील चुका

विषयतज्ज्ञाकडे साहित्य मागितले की तो स्वाभाविकपणे स्वतःला जे माहीत आहे ते सारे क्रमाने देतो : विद्युतप्रवाहाची व्याख्या, ओहमचा नियम, कायद्यातील तरतुदी, अपघातांचे प्रकार. कामगाराला मात्र पॅनेल उघडण्यापूर्वी पुरवठा कोठून बंद करायचा, स्विचला कुलूप आणि टॅग कोणी लावायचा, आणि प्रवाह खरोखर गेला आहे याची खात्री योग्य उपकरणाने कशी करायची, एवढे चोख जमले पाहिजे. तेव्हा प्रत्येक पाठ लिहिण्यापूर्वी ‘हा पाठ संपल्यावर शिकणारा नेमके काय करू शकेल?’ या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात लिहून घ्यावे, आणि त्या वाक्याला ज्याचा उपयोग नाही तो मजकूर, तज्ज्ञाला कितीही प्रिय असला तरी, वेगळ्या संदर्भपुस्तिकेत टाकावा.

प्रश्नमंजूषेची आखणीही याच वाक्यावरून व्हावी. ‘विद्युत सुरक्षा म्हणजे काय?’ या प्रश्नाने पाठांतराखेरीज काहीही तपासले जात नाही. ‘पॅनेलमधून धूर येत आहे, जवळ पाण्याची बादली आणि कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक आहे, तुम्ही प्रथम काय कराल?’ हा प्रश्न निर्णय तपासतो. याखेरीज काही तांत्रिक चुका वारंवार दिसतात. एलएमएसमध्ये पर्यायांचा क्रम आपोआप बदलण्याची सोय चालू असते आणि प्रश्नकर्त्याने शेवटचा पर्याय ‘वरीलपैकी सर्व’ असा दिलेला असतो. तो पर्याय मग कधी सर्वांत वर येतो आणि निरर्थक ठरतो. बरोबर पर्याय इतरांपेक्षा लांब आणि काळजीपूर्वक लिहिलेला असतो, त्यामुळे विषय न वाचताही तो ओळखता येतो. चुकीच्या उत्तरानंतर नुसते ‘चूक’ असे दाखवले जाते आणि ते का चूक, हे सांगण्याची जागा रिकामीच राहते. वास्तविक शिकण्याची सर्वांत चांगली संधी तीच असते.

व्हिडिओ आणि आवाज

व्हिडिओची लांबी किती असावी, याविषयी ‘सहा मिनिटे’ हा आकडा सर्वत्र सांगितला जातो. तो २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून आला आहे. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरील चार अभ्यासक्रमांत व्हिडिओ पाहिल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी त्यात तपासल्या होत्या, आणि व्हिडिओ कितीही लांब असला तरी प्रेक्षक साधारणपणे सहा मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही असे आढळले होते. हा आकडा पाहण्याविषयी आहे, शिकण्याविषयी नाही, हे ध्यानात ठेवले म्हणजे घड्याळ लावून पाठ कापण्याची गरज राहत नाही. एका व्हिडिओत एकच कृती दाखवावी. ती तीन मिनिटांत संपली तर व्हिडिओही तिथेच संपवावा.

चित्र थोडे साधे असले तर चालते, पण आवाज खराब असला की शिकणारा टिकत नाही, आणि तरीही खर्च कॅमेऱ्यावर होतो. साधा कॉलर माइक तोंडापासून वीतभर अंतरावर लावावा, पंखा बंद करावा, आणि टाइल्स लावलेल्या रिकाम्या खोलीऐवजी पडदे, गाद्या किंवा कपड्यांचे कपाट असलेली खोली निवडावी. एवढ्याने घुमारा बराच कमी होतो. पडद्यावरचा परिच्छेद शब्दशः वाचून दाखवणे ही दुसरी नेहमीची चूक आहे. डोळे आणि कान एकच मजकूर वेगवेगळ्या वेगाने घेतात आणि चित्राकडे लक्ष देणे राहून जाते. पडद्यावर आकृती आणि तिचे मोजके शब्द ठेवावेत, स्पष्टीकरण आवाजात द्यावे. उपशीर्षके मात्र जरूर द्यावीत, ती चालू-बंद करता येतील अशी असावीत. यंत्रांच्या आवाजात किंवा इयरफोनशिवाय पाहणाऱ्याला आणि कमी ऐकू येणाऱ्याला त्यांचाच आधार असतो. उपशीर्षकांची फाइल यूटीएफ-८ या सर्व लिपी सांभाळणाऱ्या स्वरूपात जतन केली नाही, तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा अगम्य चिन्हे दिसतात.

मोबाइलवर केलेल्या चित्रीकरणात आवाज आणि ओठ हळूहळू एकमेकांपासून दूर जात असतील, तर त्याचे कारण बहुधा बदलता फ्रेम-दर (सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या चित्रांची संख्या) हे असते. संकलनापूर्वी हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून व्हिडिओ स्थिर फ्रेम-दरात रूपांतरित करून घेतला की अडचण सुटते. काही फोन एचईव्हीसी या व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीने चित्रीकरण करतात आणि तशी फाइल प्रत्येक उपकरणावर आणि ब्राउझरमध्ये चालेलच असे नाही. एमपी४ फाइल, एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज ही जोडी सर्वत्र चालते. व्हिडिओ सुरू व्हायलाच फार वेळ लागत असेल, तर फाइलची अनुक्रमणिका तिच्या शेवटी लिहिली गेलेली असण्याची शक्यता असते. हँडब्रेकमधील ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ हा पर्याय ती सुरुवातीला आणतो. आणि डेटाचा हिशेब करावाच : सेकंदाला १ मेगाबिट या दराने १० मिनिटांचा व्हिडिओ ७५ मेगाबाइटचा होतो, म्हणजे असे वीस व्हिडिओ दीड गिगाबाइट खातात. रोजच्या डेटामर्यादेवर काम भागवणाऱ्या शिकणाऱ्याला हे परवडेल का, हा प्रश्न तयार करणाऱ्याने ऑफिसच्या वाय-फायवर बसून सोडवू नये.

मराठी मजकुराच्या खास अडचणी

संस्थेकडची जुनी पुस्तिका श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेली असेल, तर तिचा मजकूर एलएमएसवर चिकटवताच रोमन अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर चालणाऱ्या सामाईक अक्षरसंकेतात, रूपांतरित करता येतो. परंतु रूपांतरानंतर मुद्रितशोधन टाळणे ही मोठी चूक ठरते, कारण रफार, पहिली वेलांटी आणि ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’ यांसारखी जोडाक्षरे नेमकी तिथेच बिघडतात. मजकूर युनिकोडमध्ये असूनही व्हिडिओ-संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे फुटत असतील, तर दोष मजकुराचा नसून त्या सॉफ्टवेअरच्या लिपी-मांडणीचा असतो; अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिपींसाठीचा पर्याय पसंतींमध्ये जाऊन निवडावा लागतो.

सर्वांत फसवी अडचण रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नांत येते. ‘ॲप’ या शब्दातील पहिले अक्षर काही कीबोर्डांवर एकसंध टंकले जाते, तर काहींवर ‘अ’ आणि त्यावर वेगळे अर्धचंद्र चिन्ह असे. एकसंध ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ च्या ५.१ या आवृत्तीत मिळाले, त्यामुळे दोन्ही प्रकार आज वापरात आहेत. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणक मात्र त्यांना निराळे मानतो आणि बरोबर उत्तराला शून्य गुण देतो. अंकांचेही तसेच आहे : घरगुती पुरवठ्याचा दाब देवनागरीत ‘२३०’ असा लिहिला की इंग्रजी अंकांत, यावर निकाल ठरू नये. एकतर सर्व संभाव्य रूपे मान्य उत्तरे म्हणून नोंदवावीत किंवा अशा ठिकाणी बहुपर्यायी प्रश्न द्यावा. परीक्षा देणाऱ्याची तक्रार आली की ‘त्याने चुकीचे लिहिले असेल’ असे म्हणून मोकळे होण्यापूर्वी हे जरूर तपासावे.

प्रकाशनाच्या वेळी येणाऱ्या अडचणी

फाइल चढतच नसेल, तर आधी सर्व्हरकडे पाहावे. मूडल ज्यावर चालते त्या पीएचपी या संगणकभाषेची मूळ मर्यादा एका फाइलसाठी अवघी २ मेगाबाइट असते आणि ती वाढवली नसेल, तर मूडलमधील अभ्यासक्रमाची मर्यादा कितीही वाढवली तरी उपयोग होत नाही. तसेही मोठे व्हिडिओ अभ्यासक्रमाच्या पॅकेजमध्ये कोंबण्यापेक्षा व्हिडिओसेवेवर ठेवून पाठात जोडणे बरे. मात्र ती सेवा कारखान्याच्या नेटवर्कवर बंद केलेली नाही ना, हे तिथेच जाऊन पाहावे.

स्कॉर्म पॅकेज (अभ्यासक्रम कोणत्याही एलएमएसवर चालावा आणि त्याची प्रगती नोंदली जावी, म्हणून ठरलेल्या मानकानुसार बांधलेली झिप फाइल) ‘अवैध’ ठरवले गेले, तर बहुतेक वेळा झिप फाइल चुकीच्या पद्धतीने बनवलेली असते. पॅकेजची माहिती देणारी ‘आयएमएस-मॅनिफेस्ट’ नावाची एक्सएमएल फाइल झिपच्या अगदी वरच्या पातळीवर असावी लागते. फोल्डरमधील फाइलींऐवजी संपूर्ण फोल्डरच झिप केला की ती एक पायरी खाली जाते आणि एलएमएसला सापडत नाही. आपल्या संगणकावर दिसणारी चित्रे सर्व्हरवर गायब होत असतील, तर फाइलींची नावे पाहावीत : विंडोज मोठ्या आणि लहान रोमन अक्षरांत फरक करत नाही, लिनक्स सर्व्हर करतो. नावे लहान रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्यावीत. देवनागरी नावे झिप उघडताना बिघडू शकतात.

‘कोर्स पूर्ण केला, तरी प्रमाणपत्र मिळत नाही’ ही तक्रार सर्वाधिक येते. मूडल स्कॉर्म १.२ हे २००१ सालचे मानक नीट सांभाळते, स्कॉर्म २००४ पूर्णपणे सांभाळत नाही. त्यामुळे निर्यात करताना १.२ निवडणे सुरक्षित असते. या जुन्या मानकात ‘पूर्ण’ आणि ‘उत्तीर्ण’ या दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात नोंदल्या जातात. पॅकेज ‘उत्तीर्ण’ असे कळवत असेल आणि मूडलमध्ये पूर्ततेची अट ‘पूर्ण’ अशी ठेवली असेल, तर दोघांचे कधीच जुळत नाही. दोन्हीकडचे सेटिंग शेजारी ठेवून पाहिले की दोष लगेच सापडतो. शिकणारा लांबलचक अभ्यासक्रमात पुन्हा मागच्याच स्लाइडवर फेकला जात असेल, तर स्कॉर्म १.२ मधील ४,०९६ अक्षरांची साठवणमर्यादा आड येत असते. मूडलचा व्यवस्थापक ती मर्यादा सैल करू शकतो, पण अभ्यासक्रमाचे लहान तुकडे करणे हा अधिक टिकाऊ उपाय आहे. शिवाय ब्राउझरची खिडकी तडकाफडकी बंद केल्यास शेवटची नोंद सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही. म्हणून ‘बाहेर पडा’ हे बटण ठळक द्यावे. दोष पॅकेजमध्ये आहे की एलएमएसमध्ये, हे ठरत नसेल तर तेच पॅकेज स्कॉर्म क्लाउड या ऑनलाइन चाचणीसेवेवर चालवून पाहावे.

हक्क, गोपनीयता आणि पुढची आवृत्ती

गूगलवर सापडलेले चित्र मोफत नसते, आणि क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (इतरांना साहित्य ठरावीक अटींवर वापरू देणाऱ्या परवान्यांच्या) ‘बिगर-व्यावसायिक’ प्रकारातले चित्र शुल्क आकारणाऱ्या अभ्यासक्रमात वापरता येत नाही. चित्रपटगीताचा तुकडा पार्श्वभूमीला लावला की यूट्यूबवर हक्काचा दावा येतोच. स्क्रीन रेकॉर्डिंग करताना खऱ्या ग्राहकांची नावे, मोबाइल क्रमांक किंवा आधार क्रमांक दिसणार नाहीत असा नमुना-डेटा वापरावा आणि सूचना बंद ठेवाव्यात; रेकॉर्डिंग चालू असतानाच नेमका व्हॉट्सॲपचा घरगुती निरोप पडद्यावर झळकतो, हे प्रशिक्षण तयार करणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

प्रकाशित झालेली फाइल जपून ठेवली म्हणजे काम भागले, असा समज असतो, पण तिच्यात दुरुस्ती करता येत नाही. अडोबीने फ्लॅश या ब्राउझरमध्ये ॲनिमेशन चालवणाऱ्या तंत्रज्ञानाचे समर्थन ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबवले, तेव्हा ज्यांच्याकडे मूळ प्रकल्पफाइली होत्या त्यांना अभ्यासक्रम नव्या स्वरूपात काढता आले. इतरांना सारे पहिल्यापासून उभे करावे लागले. मूळ प्रकल्प, संहिता, न कापलेला आवाज, चित्रांचे परवाने आणि आवृत्तीची तारीख एकाच ठिकाणी ठेवावी. चालू अभ्यासक्रमात नवे पॅकेज टाकताना, अर्ध्यावर असलेल्यांच्या जुन्या खुणा (कुठपर्यंत पोहोचलो याच्या नोंदी) नव्या स्लाइडक्रमाशी जुळणार नाहीत हे गृहीत धरावे, त्यांना पूर्ण करण्यासाठी मुदत द्यावी किंवा नवी आवृत्ती स्वतंत्र घटक म्हणून जोडावी. नवे पॅकेज चढवूनही जुनीच स्लाइड दिसते अशी तक्रार आली, तर ब्राउझरची कॅशे (आधी उघडलेल्या पानांचा तात्पुरता साठा) रिकामी करून किंवा खासगी खिडकीत उघडून पाहावे आणि त्यानंतरच पॅकेज पुन्हा तयार करायला घ्यावे.