एआयची मदत घेऊन लिहिताय? या चुका टाळा

लेखावर "हे तुम्ही लिहिलेलं वाटत नाही" अशी प्रतिक्रिया आली की बहुतेक जण प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला दिलेली सूचना, बदलून बघतात. दोष सहसा प्रॉम्प्टचा नसतो. ज्या माणसाचं म्हणणं ऐकायला वाचक आला होता, तो माणूसच त्याला लेखात सापडलेला नसतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कोऱ्या पानापासूनच काम एआयवर सोपवणं. गावातल्या वाचनालयाच्या वर्धापनदिनावर लेख मागा, उत्तर येतं: 'वाचनालय ही केवळ पुस्तके ठेवण्याची जागा नसून ते ज्ञानाचे मंदिर आहे. आजच्या धावपळीच्या युगात वाचनसंस्कृती जोपासणे ही काळाची गरज आहे.' व्याकरणात खोट नाही, पण हा मजकूर कुठल्याही गावाच्या कुठल्याही वाचनालयाला चालेल. नवे दिवाळी अंक आधी कोणाला मिळणार यावरून होणारी कुरबुर, पावसाळ्यात गळक्या भिंतीपासून कपाट पुढे ओढून घेणारे ग्रंथपाल, हे तुम्हालाच ठाऊक असतं. आधी ते स्वतः लिहून काढा, वेडंवाकडं का होईना. मग एआयला विचारा: पाल्हाळ कुठे झालंय, कोणता मुद्दा दोनदा आलाय, शुद्धलेखन कुठे चुकलंय? "सुंदर करून दे" एवढं मात्र म्हणू नका. तसं म्हटलंत की ग्रंथपाल गायब होतात आणि ज्ञानाचं मंदिर परत येतं.

इंग्रजीत लिहून घेऊन मग मराठी करायला सांगणं हीही तशीच चूक. वाक्यांची ठेवण इंग्रजीच राहते आणि वाचकाला ती लगेच खटकते.

शोकसंदेश, माफी, आजारी माणसाला धीर देणारं पत्र इथे तर एआयला दूरच ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार झाला. त्यानंतर व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पीबॉडी कॉलेजमधल्या एका कार्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना ईमेल पाठवली. एकमेकांची काळजी घ्या, असं तीत सांगितलं होतं आणि मजकूर चॅटजीपीटी या एआयवरून घेतल्याचा उल्लेख तळाशी होता. विद्यार्थी संतापले, कार्यालयाला माफी मागावी लागली. उल्लेख करणं प्रामाणिकपणाचंच होतं. पण दुःखाच्या वेळी आपल्यासाठी कोणी चार ओळीही स्वतः लिहिल्या नाहीत, हे माणसाला लागतंच. तिथे तुमची दोन तुटक वाक्यं पुरतात.

संदर्भांच्या बाबतीत एआयवर विसंबणं महागात पडतं. न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले, अस्तित्वातच नसलेले खटले न्यायालयात सादर केले. जून २०२३ मध्ये त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. हे खटले खरे आहेत का, असं त्यातल्या एका वकिलाने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं, आणि त्याने 'हो' म्हटलं होतं. आपल्याकडे हाच धोका अभंग, ओव्या आणि थोरांच्या वचनांत असतो. तुकोबांच्या नावावर आलेली ओळ गाथेत स्वतः शोधा. सापडली नाही तर काढून टाका, कितीही चपखल वाटली तरी.

आता उलटी तक्रार. लेख पूर्णपणे तुमचा आहे आणि तरी कोणी "एआयचा आहे" म्हणतंय, तर तो एखाद्या डिटेक्टरमध्ये, म्हणजे एआयचा मजकूर ओळखू पाहणाऱ्या साधनात, टाकून निर्दोषत्व सिद्ध करायला जाऊ नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचं असं साधन जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत बंद केलं. इंग्रजी सोडून इतर भाषांत ते बरंच कमी पडतं, हे कंपनीनेच सांगितलं होतं. त्यापेक्षा कच्चे खर्डे, टिपणं, खाडाखोड केलेले कागद जपून ठेवा. गूगल डॉक्समध्ये लिहीत असाल तर 'व्हर्जन हिस्टरी'त लेख कसा वाढत गेला ते दिसतं. संपादकांना तेच दाखवा, आणि एआयची मदत घेतली असेल तर नेमकी कुठे घेतली तेही त्याच वेळी सांगा.