फौजी घड्याळ घ्यायचंय? आधी ड्रॉवरमध्ये ठेवून बघा

मागच्या मे महिन्यात कोरेगावकडच्या एक मावशी पोराला घेऊन दुकानात आल्या. पोरगं भरतीत निघालेलं, आठ दिवसांत ट्रेनिंगला बेळगावला जायचं होतं. मावशींनी पिशवीतल्या डब्यातून नोटा काढून काउंटरवर ठेवल्या. "ह्याला मिलिटरीचं घड्याळ दावा."

पोराच्या हातात एक होतंच, ऑनलाइन मागवलेलं. हिरव्या ठिपक्यांचं, पुरीएवढं. डायलवर आणखी तीन छोट्या डायली. भिंग लावून बघितलं तर तिन्ही नुसत्या छापलेल्या, काटेसुद्धा शाईचे. बाजूची दोन बटणं दाबलीच जाईनात. मागं 'वॉटर रेझिस्टंट' कोरलेलं, आणि झाकण उघडलं तर आत पाणी अडवणारी रबराची रिंगच नाही.

"हे लग्नात घाल," म्हटलं.

साताऱ्यात मोती चौकाच्या अलीकडं आमचं दुकान, वडिलांपासूनचं. सातारा जिल्ह्यात घड्याळ दुरुस्तीला बसायचं म्हणजे निम्मं गिऱ्हाईक फौजी. सुट्टीवर आले की आधी सेल, मग पट्टा, मग "काचेत वाफ धरतीय बघा." काय टिकतं आणि काय नाही, हे मी कंपनीच्या कागदावरून शिकलो नाही, उघडलेल्या झाकणांवरून शिकलो.

मुळात मनगटी घड्याळ हीच फौजेची देणगी. त्याआधी पुरुषाचं घड्याळ खिशात, साखळीला असायचं. मनगटावर बांधायचं ते बायकांनी. पहिल्या महायुद्धात खंदकात उभं राहून खिसा कोण चाचपणार? तोफा अमुक मिनिटाला थांबणार, त्याच मिनिटाला पलटण पुढं जाणार, असा सगळा हिशोब. आमच्या जवळच्या अपशिंगे गावातले 46 जण त्या युद्धात कामी आले, त्या काळातली ही गोष्ट. पुढं दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यानं 12 कंपन्यांकडून एकाच नमुन्याची घड्याळं करून घेतली: काळी डायल, ठसठशीत पांढरे आकडे, अंधारात चमकणारे काटे, पाणी न शिरणारी पेटी, न फुटणारी काच. आज दुकानात 'मिलिटरी' म्हणून जे मांडलेलं असतं, त्याचा चेहरा तिथूनच आलाय. ठिपक्यांचं कापड मागाहून चिकटलं.

त्यामुळं घड्याळ बघताना मी पहिलं काम करतो ते अंधाराचं. ट्यूबलाइटखाली मिनिटभर धरायचं, ड्रॉवरमध्ये टाकायचं, ड्रॉवर बंद करायचा आणि चहा मागवायचा. चहा संपेस्तोवर दहा-पंधरा मिनिटं जातात. मग फट उघडून एका डोळ्यानं बघा. वेळ वाचता आली तर पुढचं बोलू. हलक्या मालाचा उजेड चहा यायच्या आधीच गेलेला असतो. नुसतं चमकून भागत नाही. तासकाटा आणि मिनिटकाटा अंधारात वेगळे ओळखू यायला हवेत, आणि बाराच्या जागी काहीतरी निराळी खूण हवी, त्रिकोण म्हणा, दोन ठिपके म्हणा. नाहीतर झोपेतून उठलेला माणूस घड्याळ उलटं धरून साडेबाराचे सहा करतो.

आपल्याकडं याला सरसकट 'रेडियम' म्हणतात. खरं रेडियम कधीच बंद झालं. आताचा रंग उजेड पिऊन घेतो आणि सावकाश सोडतो, त्यात किरणोत्सार नाही. पण आजोबांच्या ट्रंकेतून फार जुनं, खरं रेडियम लावलेलं घड्याळ निघू शकतं. ते आता चमकत नाही म्हणून निरुपद्रवी समजू नका. चमकणारी पूड थकलेली असते, रेडियम नाही. ते अर्धं व्हायलाच 1600 वर्षं लागतात. तसलं घड्याळ घरी उघडायचं नाही, काटे खरवडायचे नाहीत.

दुसरी परीक्षा चावीची. काट्याचं घड्याळ असेल तर चावी पूर्ण बाहेर ओढा. सेकंदकाटा जागच्या जागी थांबला पाहिजे. सगळ्यांनी चावी ओढून काटा बारावर थांबवायचा आणि हुकूम मिळाला की एकदम दाबायची, म्हणजे पूर्ण तुकडीची घड्याळं सेकंदाला सेकंद जुळतात. सेलवर चालणाऱ्यांत हे बहुधा असतंच. ऑटोमॅटिकमध्ये, म्हणजे हाताच्या हालचालीवर चालणाऱ्यांत, मात्र चांगल्या नावाचीही काही जुनी मशीनं अशी आहेत की चावी ओढली तरी काटा आपला फिरतोच.

ऑटोमॅटिक की सेलचं, यावर गिऱ्हाईक तासभर वाद घालतात. मी घालत नाही. साधं क्वार्ट्‌झ, म्हणजे सेलचं, महिन्याला पंधरा-वीस सेकंद मागंपुढं होतं. साधं चावीचं किंवा ऑटोमॅटिक दिवसाला तेवढं चुकलं तरी ते बिघडलं असं कुणी म्हणणार नाही. ड्युटीवर जाणाऱ्यानं क्वार्ट्‌झ घ्यावं, नाहीतर उजेडावर चार्ज होणारं. चावीचं घड्याळ शौकाचं. शौक वाईट नाही. माझ्या स्वतःच्या हातात एचएमटी आहे.

आता पाणी. इथं माझी स्वतःचीच चूक सांगतो. धंद्यात नवा होतो तेव्हा एका हवालदारांच्या 200 मीटरवाल्या घड्याळाचा सेल बदलला. झाकण लावताना रिंग एका बाजूला चिमटली गेली, माझ्या लक्षात आलं नाही. "बिनधास्त पोहा," असंही वर सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी माहुलीला संगमावर उडी मारली. सकाळी घड्याळ घेऊन आले तर डायलवर कृष्णामाई! काही बोलले नाहीत, फक्त काउंटरवर ठेवलं. मशीन मी पदरचं घातलं. तेव्हापासून सेल बदलताना रिंग काढून बघतो, कडक झाली असेल तर नवी टाकतो, सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवतो. तुमच्या कारागिराला हे करायला लावा, आणि पोहायचं असेल तर प्रेशर टेस्ट मागा.

मीटरच्या आकड्याचंही असंच. 30 मीटर लिहिलंय म्हणजे 30 मीटर खोल जाता येतं असं नाही. तो स्थिर पाण्याच्या दाबाचा आकडा आहे. 30 म्हणजे हात धुणं, पावसाचे शिंतोडे. 50 म्हणजे भिजलं तरी चालेल. पोहायचं तर 100 पासून पुढं, आणि चावी आट्यांची, फिरवून घट्ट बसणारी असेल तर उत्तम. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. ठोसेघर-कासच्या बाजूला राहणाऱ्यांनी 100 च्या खाली उतरूच नये.

'मिलिटरी ग्रेड' या शब्दाला भुलू नका. 'मिल-एसटीडी-810' असं लिहिलेलं असतं. ती अमेरिकी सैन्याची चाचण्या कशा घ्यायच्या याची पुस्तिका आहे. तिच्या नावानं सर्टिफिकेट देणारी सरकारी कचेरी नाही. कंपनी स्वतःच चाचणी घेते आणि स्वतःच लिहिते. पंचवीस-तीस चाचण्यांतली कुठली घेतली, हे विचारा. उत्तर आलं तर मलाही कळवा.

पट्टा कापडी घ्या. चामडं इथल्या पावसात आठवड्यात कुबट वास मारतं. ब्रिटिश संरक्षण खात्यानं 1973 साली नायलॉनच्या पट्ट्याचा एक नमुना ठरवला, त्याला आता सगळे नाटो पट्टा म्हणतात. तो घड्याळाच्या पाठीखालून सलग जातो. एक पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लटकून राहतं, खाली पडत नाही. रात्री साबणानं धुवा, सकाळी वाळलेला. घेण्याआधी पिनेच्या जागेची रुंदी मोजून घ्या: 18, 20 किंवा 22 मिलिमीटर.

काचेवर फार डोकं खाऊ नका. प्लॅस्टिकची काच ओरखडते, पण टूथपेस्टनं घासून निघते आणि सहसा फुटत नाही. सफायरवर ओरखडा उठत नाही, पण फटका बसला तर तुकडे होतात. मापाचं म्हणाल तर 38 ते 42 मिलिमीटर पुरे. चकचकीत स्टील नको. उन्हात आरसा दाखवल्यासारखं लांबून दिसतं.

जुनं एचएमटी 'जवान' शोधणारे बरेच येतात. फौजेसाठी काढलेलं घड्याळ, कंपनी बंद झाल्यापासून भाव चढलेत आणि त्याबरोबर भेसळही. डायल नव्यानं रंगवलेली, मशीन भलत्याच मॉडेलचं, काटे तिसऱ्याचे. भिंगातून अक्षरं बघा: कडा फुगलेल्या, ओळ तिरकी, तर रंगवलेली. डायल अगदी कोरी करकरीत आणि पेटी झिजलेली, हेही लक्षण चांगलं नाही. झाकण उघडून दाखवायला जो तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

स्मार्टवॉचबद्दल एवढंच. 2018 साली पळण्याच्या एका ॲपच्या नकाशावर जगभरच्या लष्करी तळांतल्या वाटा उजळलेल्या दिसल्या होत्या, जवानांनीच असलं घड्याळ मनगटावर बांधून पळताना उमटवलेल्या. शिवाय रोज चार्जिंग कुठं शोधणार? घरी वापरा.

मावशींच्या पोराला मी दोन घड्याळं दाखवली. एक कॅसिओचं जाड रबरी जी-शॉक. 1983 साली ते काढणाऱ्या माणसानं 10 मीटरवरून पडलं तरी चालावं, असा हट्ट धरला होता. त्याला तोड नाही, पण पैशाला जास्त. दुसरं कॅसिओचं एफ-91डब्ल्यू, 1989 पासून जवळजवळ तसंच येतंय. 21 ग्रॅम वजन, स्टॉपवॉच आहे, सेल सात वर्षं. त्याचा दिवा अगदीच मिणमिणता आणि पाण्याला ते कच्चं, हेही सांगितलं. पोरानं मावशींकडं बघितलं, मावशींनी नोटांकडं. एफ-91डब्ल्यू घेतलं.

तासाला वाजणारं टीं-टीं मी बंद करून दिलं. पहाऱ्यावर ते नको असतं, सुट्टीवर आलेले कितीतरी जण तेवढ्यासाठीच दुकानात येतात. बिलावर तारीख टाकली, शिक्का मारला. उठताना मावशींनी विचारलं, "गजर हाय न्हवं ह्यात? ह्यो पहाटं उठत न्हाई."

पावणेचारचा लावून दिला.