कॅलिफोर्नियातलं कम्युनिटी कॉलेज: आत शिरल्यावर टिकायचं कसं

कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, प्रवेश मिळवायला काहीच लागत नाही. ऑनलाइन अर्ज भरायचा, थोड्या दिवसांत ईमेलने विद्यार्थी क्रमांक येतो, झालं. ना सीईटी, ना कटऑफ, ना डोनेशन. आपल्याकडे प्रवेशाच्या दिवसांत सगळ्या घराची झोप उडते, पण एकदा आत गेलं की तुकडी ठरलेली, बाकावरचा शेजारी ठरलेला, वेळापत्रक नोटीस बोर्डावर लावलेलं. इथे नेमकं उलटं. आत शिरणं सोपं, पण आत तुकडीच नाही. प्रत्येक विषयाला वेगळी माणसं, आणि तास संपला की सगळी पार्किंग लॉटकडे पळतात, कारण कुणाला कामावर जायचंय, तर कुणाला पोरांना शाळेतून आणायचंय.

मी एच-फोर व्हिसावर (एच-वन-बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात आले, कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंगचे कोर्स केले, आणि पुढे ईएडी (कामाचा परवाना) मिळाल्यावर त्याच कॉलेजच्या स्टुडंट सक्सेस सेंटरमध्ये कामाला लागले. आधी गणिताची ट्यूटर होते, आता फ्रंट डेस्कवर असते. या टेबलामागे बसून एक गोष्ट पक्की कळली. अभ्यास न झेपल्यामुळे शिक्षण सोडणारे त्या मानाने कमी. जास्त असतात ते न सांगता गायब होणारे. एक टेस्ट बिघडते, एक आठवडा बुडतो, मग वर्गात जायची लाज वाटते, आणि ते विचारायला कुणी येत नाही. म्हणून खाली जे लिहिलंय ते सगळं एकाच गोष्टीसाठी: तुम्ही गायब झालात तर कुणाच्या तरी लक्षात आलं पाहिजे.

आधी पैशांचं उरकून टाकते. कॅलिफोर्नियात सरकारी कम्युनिटी कॉलेजं ११६ आहेत. राज्याचे रहिवासी ठरलात तर सेमिस्टरच्या कॉलेजात एका युनिटला (क्रेडिटला) ४६ डॉलर, म्हणजे तीन युनिटांचा कोर्स १३८ डॉलरला. रहिवासी नसाल तर हाच आकडा कितीतरी पट होतो. एच-फोरवाल्यांनी नीट लक्ष द्यावं: राज्यात एक वर्षाहून जास्त राहिल्याचे आणि इथेच राहायचा इरादा असल्याचे कागद दाखवता आले तर तुम्हाला रहिवासी दर मिळू शकतो. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना ही सोय नाही. लीज, टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स, जे काही तुमच्या स्वतःच्या नावावर असेल ते जपून ठेवा. बऱ्याच बायकांच्या बाबतीत घरातला एकही कागद त्यांच्या नावावर नसतो, आणि मग अॅडमिशन्सच्या खिडकीवर अडतं.

दुसरी अडचण आपल्याच लोकांची आहे. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं की "मुलगा कुठे असतो?" तर बर्कलीचं विद्यापीठ मोठ्याने सांगतात आणि कम्युनिटी कॉलेज हळू आवाजात. मला याचा मनापासून कंटाळा आलाय. टॉम हँक्स हेवर्डच्या शॅबो कॉलेजात शिकला आणि ते तो अभिमानाने सांगतो. दोन वर्षांत ६० युनिटं करून चार वर्षांच्या विद्यापीठात जायचा रस्ता इथे राजरोस आहे, चोरवाट नव्हे. यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) सहा कॅम्पसबरोबर (डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ) तर टॅग नावाचा करार आहे. ठरलेले विषय आणि ठरलेला जीपीए (ग्रेडची सरासरी) असेल तर प्रवेशाची हमीच. पण जो मुलगा आपण इथे असल्याचं लपवत असतो, तो कॉलेजात कुणाशी बोलत नाही, आणि न बोलणारा आमच्या यादीत सगळ्यात आधी गायब होतो.

आता पहिले तीन आठवडे. माझ्या मते सगळा खेळ इथेच ठरतो.

पहिल्या तासाला हजर राहा. लग्न असो, भारतातून परतायचं विमान असो, काहीही असो. जो पहिल्या आठवड्यात दिसत नाही त्याचं नाव प्राध्यापक काढून टाकतात आणि वेटलिस्टवरच्याला घेतात. ऑनलाइन वर्गातही तेच. कॅनव्हासवर (कॉलेजच्या ऑनलाइन अभ्यासाच्या साइटवर) नुसतं लॉगिन केलं म्हणजे हजेरी लागली असं नाही, ओळख करून देणारी पोस्ट किंवा पहिली क्विझ झालेली असावी लागते. आणि तुम्ही स्वतः वेटलिस्टवर असाल तर घरी बसू नका. वर्गात जाऊन बसा, तास संपल्यावर प्राध्यापकांना भेटा आणि अॅड कोड (वर्गात नाव घालायचा आकडा) मागा. जागा असली तर मागणाऱ्याला मिळतो.

सिलॅबस वाचा, म्हणजे कोर्सचे नियम आणि मार्कांची वाटणी दिलेला कागद. हे सांगायची गरज का पडते, ते एका प्रसंगावरून सांगते.

फॉलमध्ये (ऑगस्ट ते डिसेंबरच्या सेमिस्टरमध्ये) एक बाई डेस्कसमोर फोन हातात धरून उभ्या होत्या. माझ्या बॅजवरचं आडनाव वाचलं आणि एकदम मराठीत म्हणाल्या, "अहो, तुम्ही आपल्याकडच्या ना? मग जरा बघा, हे ड्रॉप दाबलं की घरी पत्र वगैरे जातं का?"

"नाही हो, पत्र कुणाला जाणार? काय झालं?"

स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या टेस्टला शंभरात ५८ पडले होते. "घरी सांगितलं नाहीये कुणाला. ह्यांना तर नाहीच. बीएस्सीला फर्स्ट क्लास होता हो माझा."

मी त्यांच्याच फोनवर सिलॅबस उघडला. टेस्ट एकूण चार, प्रत्येकी १५ टक्क्यांच्या, आणि सगळ्यात कमी मार्कांची एक धरणारच नव्हते. "हे मला कुणी सांगितलंच नाही," बाई म्हणाल्या. "ताई, तिसऱ्या पानावर आहे." "एवढं कोण वाचतं!"

मग आम्ही पेपर बघितला. गणित सगळं बरोबर होतं, फक्त अर्धाच पेपर सोडवला होता. बाई कोष्टकात बघून हाताने आकडेमोड करत होत्या, आणि बाकीचा वर्ग टीआय-८४ कॅल्क्युलेटरवर तेच उत्तर चार बटणांत काढत होता. तो कॅल्क्युलेटर महाग असतो म्हणून त्यांनी घेतलाच नव्हता. आमच्या लायब्ररीत तो सेमिस्टरभरासाठी फुकट मिळतो. त्या त्याच दिवशी घेऊन गेल्या.

ड्रॉपबद्दलही सांगून ठेवते, कारण त्याची भीती आणि त्याचं अज्ञान दोन्ही भरपूर आहे. सेन्सस डेच्या (कॉलेज पटावरचे विद्यार्थी मोजतं तो दिवस) आधी कोर्स सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, त्याची खूण राहत नाही. नंतर सोडला तर डब्ल्यू (कोर्स मध्येच सोडल्याची खूण) येतो. एखाददुसऱ्या डब्ल्यूने कुणाचं आयुष्य बिघडत नाही. सेमिस्टरचा साधारण पाऊण भाग झाल्यावर मात्र सोडता येत नाही, मग जी ग्रेड पडेल ती पडेल. सगळ्यात वाईट म्हणजे ड्रॉप न करता नुसतं जाणं बंद करणं. तेव्हा एफ बसतो आणि तो जीपीएत मोजला जातो. या तारखा कॉलेजच्या कॅलेंडरवर असतात, फोनमध्ये टाकून ठेवा. फी परत मिळायची मुदतही तिथेच बघा, ती सहसा सगळ्यात आधी संपते.

आणि हो, घरी खरंच काही कळवत नाहीत. फेर्पा नावाचा १९७४ चा कायदा आहे. विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय कॉलेज त्याचे मार्क सहसा आईबापांना किंवा नवऱ्यालाही सांगत नाही. मुलाचे मार्क विचारायला येणारे वडील यावरून आमच्यावर चिडतात. मला कायदा पटतो, पण त्याची दुसरी बाजूही दिसते: बाराव्या आठवड्यापर्यंत मुलगा वर्गात जातच नाहीये, हे घरात कुणाला माहीत नसतं.

प्राध्यापकांना ईमेल लिहिताना "आदरणीय सर" आणि विनंतीच्या चार ओळींची गरज नाही. इतकं पुरे: "मी तुमच्या मंगळवारच्या साडेनऊच्या वर्गात आहे. तापामुळे दुसरा होमवर्क राहिला. गुरुवारी रात्रीपर्यंत दिला तर चालेल का?" वर्ग कुठला ते आधी, अडचण एका ओळीत, आणि शेवटी हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न. इथे शिकवणारे बरेच जण पार्टटाइम असतात. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, त्यांना गमतीने फ्रीवे फ्लायर म्हणतात. एका माणसाचे दीडशे विद्यार्थी असू शकतात. त्यांच्या ऑफिस अवर्सना (विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळेला) सेमिस्टरच्या सुरुवातीलाच एकदा जाऊन या, काहीही प्रश्न घेऊन. फायनलच्या आठवड्यात बाहेर रांग असते, आणि तोवर तुमचं नाव त्यांना माहीत असलेलं बरं.

ट्यूटरिंग सेंटरला ढ मुलांची शिकवणी समजून आपली पोरं तिकडे फिरकत नाहीत. यात दोन गोष्टी माहीत हव्यात. पूर्वी इथे प्लेसमेंट टेस्ट घेऊन अनेकांना पायाभूत गणिताच्या वर्गात टाकायचे, आणि त्यातच वर्ष-दोन वर्षं जाऊन लोक कंटाळून सोडून द्यायचे. २०१७ च्या एबी ७०५ कायद्याने ते बदललं, २०१९ च्या फॉलपासून बहुतेकांना थेट कॉलेज पातळीच्या गणितात आणि इंग्रजीत बसवतात. म्हणजे पंधरा वर्षांनी वही उघडणारी बाई आणि परवा हायस्कूल संपवलेला मुलगा एकाच वर्गात. ट्यूटरिंग धरूनच या वर्गांची आखणी झालेली असते, तिकडे जाणं म्हणजे कोर्सचाच भाग समजा.

दुसरी गोष्ट बर्कलीची. १९७० च्या दशकात यूरी ट्रीझमन नावाचा गणितज्ञ तिथे कॅल्क्युलस शिकणाऱ्यांच्या मागे मागे फिरला. हुशार आणि मेहनती असूनही कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे का पडतात आणि चिनी वंशाचे पुढे का जातात, हा त्याचा प्रश्न होता. प्रश्न जिद्दीचा नव्हता. चिनी मुलं अभ्यास झाला की एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासत, दुसरी एकेकटी खोलीत बसत. त्याने मग गटाने अवघड गणितं सोडवायचे वर्ग सुरू केले आणि निकाल बदलले. आपणही बहुतेक एकेकटे बसणारे. म्हणून पहिल्या आठवड्यात वर्गातल्या दोघांचे नंबर घ्या. व्हॉट्सॲपचा आग्रह धरू नका, पोरं डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर असतात.

कॉलेजने मनावर घेतलं तर काय होतं याचं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. क्यूनीने (न्यूयॉर्क शहराच्या सरकारी विद्यापीठाने) २००७ मध्ये असॅप नावाची योजना सुरू केली: पूर्णवेळ शिकायची अट, आणि बदल्यात प्रवासाचं कार्ड, पुस्तकं, आणि वारंवार भेटणारा एक ठरलेला सल्लागार. तीन वर्षांत पदवी घेणाऱ्यांचं प्रमाण असॅपमध्ये ४० टक्के निघालं, बाहेरच्या तुलनेच्या गटात २२. आमच्याकडे इतकं सगळं एका छताखाली नाही, पण तुकडे आहेत. कमी उत्पन्नाच्या आणि शिक्षणात मागे राहिलेल्या रहिवासी विद्यार्थ्यांसाठी १९६९ पासून ईओपीएस आहे. १९८१ मध्ये शॅबोलाच सुरू झालेलं प्वेंते आहे: वर्षभर तीच मुलं, तोच इंग्रजीचा वर्ग, तोच काउन्सेलर. अशी तुकडी धरून चालणारी कुठलीही योजना कॉलेजात दिसली तर आधी तिथे नाव घाला. आपल्याला सवयीची असलेली तुकडी इथे याच मार्गाने मिळते.

प्रत्येक कॉलेजात बेसिक नीड्स सेंटर असतं, तिथे धान्य-भाजी मिळते. "आपण काय गरीब आहोत का," असं म्हणत आपले लोक लांबून बघतात. एका पगारात बे एरियाचं भाडं भरून शिकणाऱ्याने तिथे जायला लाजू नये. वेळापत्रकात झेडटीसीची खूण असलेले कोर्सही शोधा. त्यांना पुस्तकांचा खर्च शून्य.

पुढेमागे पिअर मेंटर (नवख्यांना मदत करणारा विद्यार्थी) व्हायचं असेल तर आमच्या धंद्यातली एक युक्ती. (एच-फोरवर पगारी कामाला ईएडी लागतो. एफ-वनवाल्यांना कॅम्पसवर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत चालतं.) नवख्याला "काही मदत हवीये का?" असं कधी विचारू नका, उत्तर नेहमी नाहीच येतं. "पुढची टेस्ट कधी आहे?" असं विचारा. तारीख माहीत नसेल तर खुर्ची पुढे ओढा आणि दोघांनी मिळून कॅनव्हास उघडा.

राहता राहिला काउन्सेलर. त्याच्याबरोबर बसून एज्युकेशन प्लॅन केलेला असेल आणि ओरिएंटेशन झालेलं असेल तर रजिस्ट्रेशनची आधीची तारीख मिळते, आणि संध्याकाळचे वर्ग आधीच्यांनाच मिळतात. भारतातली डिग्री असेल तर तिचं मूल्यांकन करून घ्यायला आठवडे जातात, ते आधी सुरू करा. ट्रान्सफर करायचंय, म्हणजे पुढे विद्यापीठात जायचंय, त्यांनी भेटीला जाण्याआधी असिस्ट डॉट ऑर्गवर आपलं कॉलेज आणि कॅलिफोर्नियातलं हवं ते सरकारी विद्यापीठ टाकून कुठला कोर्स कशाला चालतो ते बघावं. मैत्रिणीने घेतलेला कोर्स डोळे झाकून घेऊ नये, तिचं मेजर (मुख्य विषय) वेगळं असतं. स्प्रिंगचं (जानेवारीपासूनच्या सेमिस्टरचं) रजिस्ट्रेशन बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या आसपास उघडतं, तेव्हा काउन्सेलरच्या भेटी भरलेल्या असतात. सप्टेंबरच्या शेवटी वेळ घेऊन टाका, आणि नाहीच मिळाली तर सकाळी दार उघडायच्या आधी ड्रॉप-इनच्या रांगेत उभे राहा. तिथे पहिल्या पाच-सहा जणांचा नंबर हमखास लागतो.